दुपटीचे ढीग

श्री सातेरी प्रसन्न
उभादांडा, वेंगुर्ले
१० फेब्रुवारी १९८८

चि. कावेरीस माईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचा कागद गजालीला मोकळा राहतो. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आहे तिथेच आहे, तो कुठे जात नाही आणि मीही त्याला दवाखान्यात नेत नाही. आमचं दोघांचं बरं चाललंय.

काल काशीबाई नारळ सोलायला आली होती. सोलता सोलता मला विचारते, "तुजी नात मुंबैक करता तरी काय गो?" मी म्हटलं, गणित करता. तर म्हणते, "पाच वर्सां? आमच्या शेजारच्या झिलाचा गणित अर्ध्या तासात जाता." मला इतकं हसू आलं की हातातला नारळ सुटून शेणात पडला. पण बाय, बांगड्याचा भाव मला ठाऊक, जेटीवर कुठली होडी कधी लागते ते ठाऊक, आणि माझ्या स्वतःच्या नातीचं काम मला सांगता येत नाही.

तर मला नीट लिही. माईला काय कळणार असं म्हणू नकोस. शाळा तिसरीपर्यंतच झाली, खरं. पण बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात गर निवडायला बसले. एका रतलात दोनशे चाळीस गर बसले तर तो दोनशे चाळीस नंबर, तीनशे वीस बसले तर तीनशे वीस नंबर. माझा ढीग मुकादमाने कधी दुसऱ्यांदा तराजूत घातला नाही. बोटांना कळायचं.

अक्षर जरा मोठं काढ. मुंगीएवढं काढतेस.

तुझी माई


मुंबई
२ मार्च १९८८

प्रिय माई,

तुझं पत्र दोनदा वाचलं, शेणातल्या नारळाशी थांबून थांबून. आता काशीबाईंचं उत्तर.

प्रत्येक ढोलाला स्वतःचे सूर असतात. सगळ्यात खालचा एक, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, ते संपतच नाहीत. ढोल न बघता, अमुक उंचीपर्यंत किती सूर बसतात एवढंच मोजत गेलं, तर चामड्याचं क्षेत्रफळ सांगता येतं. ही गोष्ट जुनी आहे. मी ज्याचं क्षेत्रफळ काढते तिथे ढोल नाही, चामडं नाही, बोट ठेवून दाखवावा असा एक बिंदूसुद्धा नाही. तिथे नुसत्या क्रिया आहेत, आणि क्रम बदलला की उत्तर बदलतं. काजू आधी भाजून मग फोडायचा. आधी फोडून मग भाजायला गेलं तर टरफलातलं तेल लागून हाताची कातडी जाते, हे तुला मी काय सांगू. तसं.

या क्रियांचेही स्वतःचे आकडे असतात. त्यांना स्वमूल्यं म्हणतात. मोठ्यापासून बारीकाकडे उतरतात: एक, अर्धा, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा. त्यांची बेरीज कधी थांबत नाही, पण वाढते फार हळू. हजार आकडे मिळवले तरी साडेसातच्या आसपास. ती किती हळू वाढते, त्यातच ते क्षेत्रफळ असतं. सुरुवातीचे शंभर आकडे फेकून दिले तरी उत्तर तेच. ते सगळं शेपटीत असतं.

माझी अडचण अशी होती की माझे आकडे इतके शहाण्यासारखे उतरत नाहीत. कधी घोळक्याने येतात, कधी मध्येच खड्डा. एकेक घेऊन सरासरी काढली की ती डोलत राहते, आणि मग उत्तर काय, ते मोजणाऱ्याच्या मर्जीवर. दीड वर्ष मी तिथे अडकले होते.

डिसेंबरात घरी आले तेव्हा तू परात घेऊन बसली होतीस. मोठे गर थोडे, बारीक गर पुष्कळ, आणि तरी प्रत्येक ढीग रतलाचाच. मी परतीच्या एसटीत बसले आणि कणकवली यायच्या आत कळलं की मी गर मोजत होते, ढीग मोजायला हवे होते. पहिल्या ढिगात एक आकडा, दुसऱ्यात दोन, मग चार, मग आठ, दर वेळी दुप्पट. समासात तुझ्यासाठी प्रत्येक ढिगाला खुणेचं अक्षर घातलंय. आकडे निम्मे होतात, संख्या दुप्पट होते, वजन जवळपास तेच राहतं. ढिगाच्या आत कितीही गोंधळ असू दे, ढिगांची वजनं एका ठिकाणी येऊन थांबतात. एका ढिगातून शेजारच्या ढिगात जे थोडं सांडतं, त्याचं वजन नाहीसं होत जातं एवढं दाखवायचं. ते मला जमलंय असं वाटतं. वजन थांबलं की मोजणारा कुणीही असो, उत्तर एकच.

हे अजून मी सुब्बरामन सरांनाही सांगितलेलं नाही. ते माझे मार्गदर्शक, एक चूक सापडली तर महिनाभर बोलत नाहीत. आधी पूर्ण लिहून काढते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण हेच आहे आणि शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते. शेजारच्या टेबलावर आपल्या शिरोड्याचा जयराम आरोलकर बसतो, दोन वर्षं पुढे आहे, त्यालाही नाही सांगितलं. तो चहा आणून देतो आणि विचारतो, काय चाललंय. मी म्हणते, काजू.

जगात हे आत्ता तुला एकटीला माहीत आहे.

तुझी कावेरी


श्री सातेरी प्रसन्न
उभादांडा
१२ मे १९८८

चि. कावेरीस आशीर्वाद.

मी बरी आहे, आणि आज नुसती बरी नाही, पायाला पंख फुटल्यासारखी आहे. का ते सांगते, पण आधी हे ऐक की काशीबाईला मी तुझं गणित सांगितलं. ढोलाचं सांगितलं तेव्हा ती मान हलवत होती. काजूचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मगे ह्यां गणित तुजा, चेडवाचा नाय." मी दिवसभर ताठ चालले.

आता मुख्य गोष्ट. परवा सकाळी मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. दारात एक मुलगा. उंच, केस तेलाने बसवलेले, हातात खाज्याचा पुडा. म्हणतो, "माई, वळाकलास? मी शिरोड्याचो जयराम. कावेरीन सांगल्यान, माईक बगून ये." मी त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. म्हटलं, जेवल्याशिवाय सोडूचंय नाय. तिसऱ्यांचं सुकं केलं, सोलकढी केली. किती नीट जेवतो गो. शिंपले एका ओळीत लावून ठेवले ताटाच्या कडेला. माणूस जेवताना कळतो, असं तुझे आजोबा म्हणायचे.

तुझ्याबद्दल किती विचारलं त्याने. तू लहानपणी कशी होतीस, डिसेंबरात आलीस तेव्हा काय करत होतीस. मग मी म्हटलं, हिचं पत्र आलंय, मला धड वाचवत नाही, काशीबाईच्या सुनेने वाचलं पण ती मध्ये मध्ये गाळते, तू वाचून दाखव. त्याने वाचलं. आवाज चांगला आहे. काजूच्या जागी आला आणि थांबला. म्हटलं, काय रे, अक्षर लागत नाही? म्हणतो, लागतं माई. मग तेवढंच परत वाचलं, स्वतःशी. तिसऱ्यांदा पण वाचलं. तुझं पत्र कुणी तीनतीनदा वाचतंय हे बघून मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही, तू चिडशील.

अजून एक गंमत आहे, पण ती सांगू नको म्हणून त्याने मला गळ घातली आहे. वेळ आली की कळेल. मी तोंड घट्ट मिटून बसले आहे. मला किती जड जातंय ते तुला ठाऊक.

त्याची आई आमसुलं घालते का आमटीत, विचारून ठेव.

माई


मुंबई
२४ मे १९८८

प्रिय माई,

जयरामला मी पाठवलं नव्हतं. सुट्टीत गावी जातोय एवढंच म्हणाला होता. खोटं बोलून तुला बघायला आला म्हणजे कमालच आहे. तो परत आला आहे पण त्याने मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो आपणहून सांगेल याची वाट बघते आहे.

त्याने पत्र वाचलं ते बरं झालं, असं आता वाटतं. माझ्या मनातून त्याला सांगायचंच होतं, धीर होत नव्हता.

तिसऱ्यांचे शिंपले एका ओळीत लावतो, हे मीही पाहिलंय. इथल्या खानावळीत शेंगांची टरफलं लावतो.

लिहिणं जोरात चालू आहे. गंमत काय ते मी विचारत नाही. ठेव तुझ्याकडे.

कावेरी


मुंबई
३ सप्टेंबर १९८८

माई,

काल आमच्याकडे जयरामचं व्याख्यान होतं. मी दुसऱ्या बाकावर बसले होते. त्याने फळ्यावर एक आकडा लिहिला, त्याच्या खाली दोन, त्याच्या खाली चार, मग आठ, आणि प्रत्येक ओळीभोवती खडूने गोल काढला. म्हणाला, एकेक आकडा मोजू नका, गट मोजा. मग शेजारच्या गटात सांडणाऱ्याचं वजन नाहीसं होतं, ते सिद्ध केलं. व्यवस्थित, आठ पानांत. माझी एकवीस झाली होती आणि अजून दोन जागी भोकं होती. निबंध त्याने जुलैतच पाठवलाय. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाला, मे महिन्यात शिरोड्याच्या किनाऱ्यावर फिरताना.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, माई. हात आपोआप वाजले.

एकदा वाचून ऐकवल्यावर एवढं लक्षात राहत नाही. फळ्यावर माझी खुणांची अक्षरं जशीच्या तशी होती, मी पत्राच्या समासात तुझ्यासाठी काढलेली. मे महिन्यात ओटीवर काय झालं ते सगळं लिही. गंमतसुद्धा. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आता माझ्याकडे नाही.

कावेरी


श्री सातेरी प्रसन्न
उभादांडा
१२ सप्टेंबर १९८८

चि. कावेरी,

लिहिते. लपवणार नाही.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "माई, ह्यां पत्र मी उतरून घेव काय?" मी विचारलं, कित्याक रे? तर मान खाली घातली आणि म्हणाला, "कावेरीक सांगू नकात. माका तिका गंमत दाखवची आसा." मी खुळी. मला वाटलं, मुलगा मुलीचं पत्र उतरवून घेतो ते कशाला? मनात भरल्याशिवाय कोण घेईल? मीच त्याला कागद दिला, दिनदर्शिकेची मागची दोन पानं फाडून. पाट दिला मांडीवर घ्यायला. तो लिहीत होता तेवढा वेळ मी वारा घातला गो. हाताने वारा घातला आणि मनात तुमच्या लग्नाची पंगत बसवली, कोण कुठे बसणार इथपर्यंत.

माझ्या घरात पाणी पिऊन त्याने हे केलं. माझ्या सत्तर वर्षांत चोर आला नाही दारात, आला तो खाज्याचा पुडा घेऊन.

पण मी रडत बसले नाही. तुझ्या सरांना मी पत्र घातलं आहे. तुझ्या संस्थेचा पत्ता तुझ्या पाकिटावर असतोच. चार दिवस लागले, तीन कागद फुकट गेले. ऑफिसात लिहितात तसं लिहिलं. मी काजू निवडणारी बाई, दोनशे चाळीस नंबरचे ढीग घालणारी, सही करते की अमुक दिवशी अमुक माणसाने माझ्या ओटीवर हे पत्र तीनदा वाचलं आणि उतरवून घेतलं, आणि त्यात ढिगाची गोष्ट होती, आणि ती माझ्या नातीला माझ्या परातीवरून सुचली. खाली काशीबाईचा अंगठा घेतला, ती त्या दिवशी तिसऱ्या द्यायला आली होती, तिने त्याला लिहिताना बघितलंय. तिने अंगठा तेलात बुडवला आधी, म्हणे उठून दिसतो. मग पुसून शाई लावली.

पत्र पोचलं की मला कळव. आणि माझ्यावर राग धर, पण जेवत जा.

माई


मुंबई
२ ऑक्टोबर १९८८

माई,

पत्र पोचलं. पुढचं तुला सांगायला मला दोन आठवडे लागले.

सर मूळचे कुंभकोणमचे. त्यांना मराठी वाचता येत नाही. सोळा तारखेला, शुक्रवारी, त्यांनी मला खोलीत बोलावलं. जयराम तिथेच होता, निबंधाच्या दुरुस्त्या घेऊन. सरांनी तुझा कागद टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हे तुमच्या भागातून आलंय वाटतं, खाली अंगठा पण आहे. काय म्हणतात या बाई?"

मी वाचलं. सगळं. तू 'सादर' दोनदा लिहिलं होतंस. माझ्यापुढे एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला जयराम. मला एकदम दिसलं, मी हे इंग्रजीत सांगणार: काजू, परात, तेल लावलेला अंगठा. आणि पाच वर्षं या लोकांमध्ये राहून मी आपलं संशोधन आजीला पत्रात लिहिते, आणि आजी ते पाहुण्याकडून वाचून घेते. सर हसतील असं वाटलं. हसले नसते कदाचित. मी म्हटलं, "ही माझी आजी. माझी चौकशी करतेय आणि तुम्हाला धन्यवाद देतेय." सर म्हणाले, "किती छान. त्यांना माझा नमस्कार कळव."

जयरामला तो कागद समोरून, उलटा, दिसत होता. त्याला मराठी येतं, माई. मी काय वाचलं आणि काय सांगितलं, दोन्ही त्याला कळलं. बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणाला, "थँक्यू, कावेरी."

तो असं म्हणेपर्यंत मला कळलं नव्हतं की मी कुणाच्या बाजूने बोलले.

तू माझ्यावर राग धर म्हणून मी सांगत नाही. तो तू धरशीलच.

कावेरी


श्री सातेरी प्रसन्न
उभादांडा
११ ऑक्टोबर १९८८

कावेरी,

राग धरला आहे. आज मी बरी आहे की नाही ते लिहीत नाही.

जयरामाने माझ्या घरात बसून मला फसवलं, ते तो परका म्हणून मी गिळलं असतं. परका माणूस फसवतो, ते त्याचं काम. तू माझ्या हातचं अक्षर हातात धरून त्याच्यासमोर दुसरंच काही वाचलंस. मी धन्यवाद कुठे लिहिले होते, दाखव. मी माझ्या जन्मात एक कागद लिहिला सरकारी भाषेत, आणि तू त्यातला एक शब्द सांगितला नाहीस.

काशीबाई रोज विचारते, "सायबान काय म्हटल्यान?" तिने अंगठा दिलाय, तिला विचारायचा हक्क आहे. मी काल सांगितलं, पत्र पोचलं नाही, टपालात गहाळ झालं. म्हणजे आता मी पण खोटं बोलले. तुझ्यापायी मी सख्ख्या शेजारणीशी खोटं बोलले, हे बघ.

तुला काजूची लाज वाटली. त्या काजूच्या तेलाने माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी कितीदा गेली आणि कितीदा आली, त्यावर तुझा बाप शिकला. मला त्याची लाज कधी वाटली नाही. मला तर तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, माझी बावीस वर्षं कुणीतरी मोठ्या कामाला लावली. दोन महिने मी जमिनीवर नव्हते.

निबंध त्याच्या नावावर जाऊ दे नाहीतर तुझ्या. ते मला कळत नाही, त्याने आठ पानांत केलं म्हणतेस, केलं असेल, डोकं आहे मेल्याला. पण माझं पत्र माझं आहे. ते सरांकडे असेल. त्यांच्यापुढे जाऊन बस आणि जसं लिहिलंय तसं सांग, अंगठ्यासकट. तो जयराम खोलीत असेल तेव्हाच सांग. तो नसताना सांगशील तर ती चुगली होईल, साक्ष नाही.

तोपर्यंत मला लिहू नकोस. आलं तरी मी कुणाकडून वाचून घेणार नाही.

माई


मुंबई
२० ऑक्टोबर १९८८

माई,

अक्षर मोठं काढलं आहे, तुझं तुला लागेल असं.

आज सांगितलं. जयरामला मीच बोलावून आणलं. आधी म्हटलं की मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं, आणि मग तुझं पत्र ओळीओळीने. काजू निवडणारी बाई इथपासून अंगठ्यापर्यंत. सर हसले नाहीत. दोनशे चाळीस नंबर म्हणजे काय, एवढंच त्यांनी मध्ये विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं.

मग त्यांनी तुझा कागद उचलून जयरामपुढे ठेवला. म्हणाले, "मला ही भाषा येत नाही. मागच्या वेळी हिने दुसरंच सांगितलं होतं. तू वाच, आणि आज ती बरोबर सांगतेय का ते मला सांग."

त्याने वाचलं. फार वेळ लागला त्याला, तुझं अक्षर एवढं ठळक असून. मग म्हणाला, "बरोबर आहे."

सरांनी विचारलं, "पत्रात आहे ते बरोबर, की भाषांतर बरोबर?"

जयराम म्हणाला, "भाषांतर."

सरांनी पुढे त्याला काहीच विचारलं नाही. त्याच्या निबंधाचं काय होईल, माझ्या प्रकरणाचं काय होईल, डिसेंबरनंतर मी कुठे असेन, हेही कुणी बोललं नाही. टेबलावर दोन फायली होत्या, त्याची आणि माझी. सरांनी तुझ्या पत्राची घडी घातली, अंगठा आत जाणार नाही अशा बेताने, आणि माझ्या फायलीत ठेवली.

काशीबाईंना सांग, टपाल सापडलं.

कावेरी